मंडळ सापडेना, पखवाज खोळीत

ताई, मी मूळचा बार्शीकडचा, वय 43. नोकरीमुळे डोंबिवलीत असतो. गावी वडिलांबरोबर हरिपाठात मृदंग वाजवायचो, इथे आल्यावर सहा वर्षं रीतसर पखवाज शिकलो. गेल्या चार वर्षांत तीन भजनी मंडळं सोडली. पहिल्यात सगळ्या सिनेमाच्या चाली. दुसरं कोकणातल्या मंडळींचं. माणसं फार प्रेमळ, एक आजोबा तर माझ्या पखवाजाला लावायला घरून कणकेचा गोळा मळून आणायचे. पण बुवा मात्रा खातात, लय पळवतात, म्हणून वर्षभराने सोडलं. तिसरं डबलबारीचं. तिथे सहा महिने हातात झांज दिली. आता आठ महिने घरीच आहे. बायको म्हणते, तुम्हाला कुणीच पसंत पडत नाही. मनासारखं मंडळ मिळेल का, की नाद सोडू?
– एक वाचक, डोंबिवली

नाद सोडू नका. आठ महिने पखवाज खोळीत पडलाय हे वाचूनच वाईट वाटलं.

पहिलं मंडळ सोडलंत ते बरं केलंत. अभंगाचे शब्द सिनेमाच्या चालीत कोंबलेले ऐकून तुमचा जीव गुदमरणारच. तिसऱ्याचीही हळहळ नको. डबलबारीत नव्या माणसाला झांज देणं हा अपमान नाही, बुवांच्या जागा अंगात मुरायला वेळ लागतो. पण दोन बुवांचा सामना रात्री उशिरापर्यंत रंगतो, आणि तुम्हाला सकाळची लोकल गाठायची असते. ते निभणारं नव्हतंच.

मला बोलायचंय ते दुसऱ्या मंडळाबद्दल.

तुमचा कान वारकरी आहे. वीणेकरी मध्ये उभा, दोन्ही बाजूंना टाळकरी, गळ्यात मृदंग, आणि संथ सुरू झालेला अभंग आपल्या चालीने वर चढतो. कोकणातलं भजन बसून होतं, पेटीच्या जोरावर. बुवा गजर घेतात तो लय चढवण्यासाठीच, आणि ती कोरस, झांज, पखवाज अशी सगळ्यांनी मिळून चढवायची असते. तुम्ही ज्याला पळवणं म्हणता, ते त्यांच्या लेखी रंग भरणं असू शकेल. शहानिशा घरबसल्या करता येईल. एखाद्या तालमीचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये असेल तर ते लावा, पखवाज बाजूला ठेवा आणि नुसती टाळी धरून आठ मात्रा मोजा. लय दुप्पट झाली तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जागेवर येत असेल, तर बुवा चुकत नाहीत. सम सरकत असेल, तर चुकतात. मग तेही सांगता येतं, पण एकट्याला गाठून, चहाच्या वेळी. सगळ्यांदेखत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या महिला मंडळात मी पेटीवर असते. पहिल्या वर्षी कुणाचा सूर घसरला की माझी मान आपोआप तिकडे वळायची. एक बाई त्यामुळे गायच्याच थांबल्या, नुसत्या टाळ धरून बसायला लागल्या. मला ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आजही त्यांचा आवाज ऐकू येत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक सांगते. कोकणातल्या माणसांची अशी बरीच मंडळं वादक हेरून बांधलेली नसतात. गिरणगावच्या चाळींत एका गावची, एका वाडीची माणसं संध्याकाळी जमायची, त्यातून ती उभी राहिली. 1982च्या गिरणी संपानंतर बिऱ्हाडं डोंबिवली, विरारकडे हलली, तशी भजनंही तिकडे गेली. अशा घरोब्यात बार्शीकडच्या माणसाला नुसतं छान वाजवून शिरता येत नाही. आणि तुमच्यासाठी तिथे कणीक मळली जात होती! धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर धरत नाही. आजोबा स्वतः पखवाज वाजवत नसावेत, मग त्यांना तो अंदाज कुठून आला असेल? तुमचे हात बघूनच ना? पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंत. मी ती ओळ तीनदा वाचली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दुसऱ्या मंडळात परत जा. तिथे साथ करा, बुवांच्या लयीत. हरिपाठातल्या मृदंगाची भूक तिथे भागणार नाही, आणि ती त्यांच्याकडे मागूही नका. तिच्यासाठी आषाढीच्या वारीत दोन दिवस रजा काढा. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाटाने सासवडला जाते, त्या दिवशी गावाकडच्या ओळखीच्या एखाद्या दिंडीत मृदंग गळ्यात घ्या. आणि शिकलेले चौताल, धमार हे ताल? ते रोज अर्धा तास घरी, मोबाइलवर नगमा, म्हणजे तालाला धरून फिरणारी धून, लावून. एकाच मंडळाने हे तिन्ही पुरवावं, असा हट्ट धरलात म्हणून तिन्ही हातचं गेलं. बायकोला वाटतंय तसे तुम्ही सगळ्यांना नावं ठेवणारे नाही, हे पत्र तिलाही वाचायला द्या.

परत कसं जायचं याचा संकोच असेल, तर बुवांना फोन करू नका, आजोबांना करा. या वेळी तालमीला येतोय, एवढंच सांगा. खुलासे कुणी विचारणार नाही. आणि निघताना कणीक तुम्ही मळा, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, आणि ती त्यांच्याच हाताने धुमेला लावून घ्या.