बाळ येण्याआधी कर्ज हलकं करायचं, की पैसे हाताशी ठेवायचे?

एका वाचकाचं पत्र आलंय. पत्नीला एकविसावा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. दोघेही नोकरी करतात. प्रसूतीनंतर पत्नीला तीन महिने पगारी रजा आहे, पुढचे तीन महिने ती बिनपगारी घेणार आहे. घरकर्जाची 15 वर्षं बाकी, दर 9 टक्के. "साठवलेल्या पैशातला मोठा भाग कर्जात भरून हप्ता कमी करून घ्यावा म्हणतो. बाळ यायच्या आत डोक्यावरचा भार हलका झालेला बरा. योग्य आहे ना?"

तुम्ही खरे आकडे न छापण्याची विनंती केली आहे. म्हणून तुमच्या दोघांचा मिळून महिन्याचा पगार 100 भाग धरते. त्यात तुमचे 55, पत्नीचे 45. घरखर्च हप्त्यासकट 75 आणि त्यातला हप्ता 28. शिल्लक 375 भाग, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. यातले 300 तुम्हाला कर्जात भरायचेत.

माझं उत्तर आहे, आत्ता भरू नका. तुमची इच्छा चुकीची नाही, वेळ चुकीची आहे.

हप्त्याचं गणित आधी बघा. 300 भाग भरून 15 वर्षांची मुदत तशीच ठेवली, तर 28 चा हप्ता जेमतेम 25 वर येतो. चार महिन्यांचा घरखर्च एका दमात देऊन महिन्याला तीन भागांची सवलत! बिनपगारी रजेच्या एकेका महिन्यात घरात 45 भाग कमी येणार आहेत. तिथे हे तीन भाग कुठे पुरणार? तुम्हाला हप्त्याचं ओझं वाटतंय हे मी समजू शकते, पण ज्या महिन्यांची धास्ती वाटतेय त्या महिन्यांत हा उपाय जवळजवळ काहीच कामाचा नाही.

आगाऊ भरण्याचा खरा फायदा मुदतीत असतो. हप्ता 28 च ठेवला आणि 300 भाग आज भरले, तर कर्ज 36 महिने आधी फिटतं. हा फायदा मोठा आहे, तो नाकारत नाही. पण हेच 300 भाग वर्षभराने भरले तर? 33 महिने आधी फिटतं. एक वर्ष थांबण्याची किंमत म्हणजे बारा-पंधरा वर्षांनंतरचे तीन हप्ते. ठेवीवर वर्षभर मिळणारं व्याज धरलं तर त्याहूनही कमी.

आता न थांबण्याची किंमत मोजू. तुम्ही सोबत क्रेडिट कार्डाची 12 भागांची थकबाकीही कळवली आहे, 36 टक्के व्याजाची. ती आजच, हे वाचून झाल्यावर भरून टाका. त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. उरले 363. प्रसूतीपर्यंतच्या चार महिन्यांत दरमहा 25 प्रमाणे आणखी 100 जमतील, म्हणजे 463. पगारी रजेच्या तीन महिन्यांत वाचेल ते तूर्त धरत नाही. बिनपगारी तीन महिन्यांत दरमहा 20 ची तूट, वर बाळाचे निदान 10, असे 90 गेले. दवाखान्याचे तुम्ही धरलेले 60 आणि सुरुवातीच्या सामानाचे 20. एकूण 170. कर्जात काही भरलं नाही तर 293 भाग उरतात, चार महिन्यांना जरासे कमी. 300 भरले तर सात भाग कमी पडतात. आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तर!

कर्जात गेलेला पैसा साधारणपणे परत काढता येत नाही. हवाच असेल तर नवं कर्ज काढावं लागतं. एक पगार बंद असताना ते मागायला जाणं किती अवघड असतं, ते मी पाहिलंय. आमच्या पहिल्या बाळाच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं होतं. सातव्या महिन्यात कर्जात मोठी रक्कम भरली, त्या रात्री दोघेही निवांत झोपलो. बाळ पस्तिसाव्या आठवड्यात आलं आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. दर दोन दिवसांनी अनामत वाढवून मागायचे. तिसऱ्या खेपेला माझे यजमान जिन्यात उभे राहून धाकट्या भावाला फोन लावत होते. कर्जफेडीची पावती घरी फाईलमध्ये होती, तिचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता. बाळ आज ठणठणीत आहे. पण दिराने काही न विचारता पैसे पाठवले नसते तर काय केलं असतं, हे मला आजही सुचत नाही.

जगभरात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर पैशाची तयारी टांगून ठेवू नका, एवढाच मुद्दा. सगळी रक्कम चौतिसाव्या आठवड्यापर्यंत हाताशी हवी.

दवाखान्याचे 60 भाग तुम्ही कशावरून धरले ते पत्रात नाही. नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन, दोन्हींचा अंदाज लेखी मागा, आणि मोठा आकडा धरा. आरोग्य विम्याचे कागद काढून दोन गोष्टी शोधा. प्रसूतीच्या खर्चासाठी प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ हा खर्च मिळत नाही. तो कित्येकदा काही वर्षांचा असतो. तुमचा पूर्ण झालाय का? आणि बाळाला संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे की काही आठवड्यांनंतर? दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि काचेच्या पेटीचा खर्च नेमका त्यातच येतो. आता नवी पॉलिसी घेऊन या प्रसूतीचा खर्च मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका.

सामानाच्या 20 भागांतून थोडे वाचतील. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं, त्यामुळे अगदी लहान मापाचे ढीगभर कपडे घेऊ नका. ओळखीतल्यांनी दिलेले आनंदाने घ्या. लंगोट-डायपरवर मात्र हात आखडू नका, पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला आठ-दहा सहज लागतात.

सहकाऱ्याने सुचवलेली 'बाळाच्या शिक्षणाची पॉलिसी' सध्या बाजूला ठेवा. शिक्षणाला अठरा वर्षं आहेत. त्याऐवजी तुमच्या स्वतःच्या नावावर साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या काळात मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा) घ्या, आणि तो आत्ता घ्या. पत्नीचाही हवाच, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेक विमा कंपन्या निर्णय पुढे ढकलतात. म्हणून तिचा अर्ज या आठवड्यात करून बघा. नाही झाला तर प्रसूतीनंतर.

एक गोष्ट मला खटकली, ती मोकळेपणाने सांगते. तुमच्या दोन पानी पत्रात 'मी' भरपूर आहे. पत्नीचा पगार आहे, रजा आहे, आठवडा आहे, पण तिचं मत कुठेच नाही. सहा महिन्यांनी तिला कामावर परतावंसं वाटेल का? आज तिलाही नक्की सांगता येणार नाही, आणि तसं न सांगता येणं अगदी रास्त आहे. कित्येक बायका ठरल्या दिवशी कामावर जातात, कित्येकींना आणखी तीन महिने हवे असतात. बाळाची प्रकृती, स्वतःची प्रकृती, सांभाळायला कोण आहे, यावर सगळं अवलंबून. उरणारे 293 भाग हे तिला दडपणाशिवाय ठरवू देणारे पैसे आहेत. 55 च्या पगारात 85 चा खर्च भागवताना महिन्याला 30 लागतात. या हिशेबाने ती आणखी तीन महिने घरी राहिली तरी 200 हून जास्त शिल्लक राहतात. हे पैसे कर्जात गेले, तर तिच्या परतण्याची तारीख बँक ठरवेल. तेव्हा हा कागद दोघांनी समोर घेऊन बसा. आणि आत्तापासून दोन महिने 75 ऐवजी 65 मध्ये घर चालवून बघा. कुठे कळ लागते ते आत्ताच कळेल.

ती कामावर परतली, बाळाच्या सांभाळाचा खर्च नक्की झाला आणि दोघांचे तीन पगार लागोपाठ जमा झाले, की कर्जाचा विषय पुन्हा काढा. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून वरचं जे असेल ते खुशाल भरा. भरताना हप्ता नको, मुदत कमी करा, असं लेखी सांगा.

तोवर एक महिन्याचा खर्च बचत खात्यात आणि बाकीचं कधीही मोडता येणाऱ्या मुदत ठेवींत ठेवा. एकच मोठी ठेव न करता पाच-सहा लहान करा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज बुडत नाही. आणि प्रत्येक ठेवीवर दोघांची नावं असू द्या, दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने पैसे निघतील अशी. मुदतीआधी मोडतानाही एकाची सही चालेल ना, हे बँकेत आधीच विचारून घ्या. पैसे लागतील त्या दिवशी तुमच्यातलं एक जण खाटेवर असेल.