घरचा गेम सर्व्हर बाहेरून का सापडत नाही?

प्रश्न : माझ्या मुलाने घरातील जुन्या संगणकावर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर चालू केला आहे. घरच्या वाय-फायवरून दोन्ही मुलांना व्यवस्थित खेळता येते. पुण्यातील मावसभावाला मात्र जोडणीच मिळत नाही. राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट (जोडणी येण्याचा क्रमांकित दरवाजा) फॉरवर्ड केला, म्हणजे त्यावर बाहेरून येणारी जोडणी सर्व्हरकडे वळवली, तरी बाहेरून तपासल्यावर तो बंदच दिसतो. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.८१ने सुरू होतो. फायरवॉल बंद करून डीएमझेड (बाहेरची प्रत्येक जोडणी एकाच संगणकाकडे वळवणारी सोय) चालू करा, असे एका परिचिताने सुचवले आहे. तसे करावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच करू नये. वॅनचा पत्ता आपण कळवलात हे फार बरे झाले, कारण आपल्या अडचणीचे उत्तर त्याच आकड्यात आहे. १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपासच असल्यामुळे ते सर्वांना पुरत नाहीत. म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. कचेरीतील टेलिफोन एक्सचेंजप्रमाणे आतून बाहेर फोन सहज लागतो, परंतु बाहेरून मुख्य क्रमांकावर आलेला फोन कोणत्या टेबलावर द्यायचा हे बोर्डावर नोंदवलेले नसेल, तर तो तिथेच तुटतो. मावसभावाची विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे तिथला नियम कितीही अचूक असला तरी तो कामाला येत नाही, आणि डीएमझेडचाही येथे उपयोग नाही. उलट, पुढे खरा सार्वजनिक पत्ता मिळाला की तीच डीएमझेड बाहेरून येणारी प्रत्येक आगंतुक जोडणी त्या जुन्या संगणकावर नेऊन सोडील.

आपल्या इंटरनेट कंपनीला फोन करून ‘पब्लिक आयपी’ किंवा ‘स्टॅटिक आयपी’ मिळेल का, एवढेच विचारावे. पोर्टचा विषय काढल्यास बोलणे भलतीकडे जाते. अशा पत्त्यासाठी बहुधा वेगळे शुल्क पडते. पत्ता मिळाल्यावर राउटरच्या पानावरील वॅनचा पत्ता आणि आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील आकडा तंतोतंत जुळतात का, हे पाहावे. मग सर्व्हरच्या संगणकाला राउटरमध्ये कायमचा अंतर्गत पत्ता राखून ठेवावा, नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर त्याला दुसराच पत्ता मिळेल आणि फॉरवर्डचा नियम रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहील. जावा आवृत्तीसाठी नियमात टीसीपी ही माहिती पाठवण्याची पद्धत निवडावी. यूडीपी ही दुसरी पद्धत आणि १९१३२ हा पोर्ट माइनक्राफ्टच्या बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीसाठी आहेत. फायरवॉल चालूच ठेवून त्यात फक्त २५५६५ला परवानगी द्यावी. चाचणी मात्र मोबाइलच्या डेटावर जोडलेल्या लॅपटॉपवरून करावी. घरात बसून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणे अनेक राउटरांना जमत नाही, आणि सारे ठीक असूनही बिघाड आहे असा समज होतो.

चार-पाच मुलांसाठीच सर्व्हर चालवायचा असेल, तर माझी पसंती वेगळ्या मार्गाला आहे. टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारखे सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या संगणकांवर बसवले, की त्यांचे एक खासगी जाळे तयार होते. दोन्ही संगणक आतूनच बाहेर जोडणी करत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही, आणि जगासाठी एकही पोर्ट उघडावा लागत नाही. थेट वाट न सापडल्यास वाहतूक मधल्या सर्व्हरवरून जाते व खेळ थोडा अडखळतो, एवढीच त्यातली उणीव. टेलस्केलने दिलेला पत्ताही १००नेच सुरू होतो. तो पाहून गोंधळू नये, मावसभावाने खेळात तोच टाकायचा आहे.

कोणताही मार्ग घेतला तरी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘व्हाइट-लिस्ट’ आणि ‘ऑनलाइन-मोड’ या दोन्ही ओळींपुढे ‘ट्रू’ असल्याची खात्री करावी. पहिल्या ओळीमुळे यादीतील मुलांनाच प्रवेश मिळतो. दुसरी बंद असेल, तर त्या यादीतील कोणाचेही नाव धारण करून अनोळखी माणूस आत येऊ शकतो.