उक्तं दिलेलं प्लॅस्टर आणि अडलेले तीस हजार

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचं जुनं विटांचं घर आहे, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्यात पाणी होतं. यंदा जानेवारीत जुना गिलावा पाडून आतून-बाहेरून नवं प्लॅस्टर करायला एका ठेकेदाराला काम उक्तं दिलं. सिमेंट-वाळू आमची, माणसं आणि परांची त्याची. एकूण १,६०,००० रुपये ठरले, लेखी काही नाही. ९०,००० फोनवरून पाठवले, ४०,००० रोख दिले, ३०,००० बाकी आहेत. मार्चअखेर काम संपलं. दोन दिवस त्याच्या बिगाऱ्यानं पाणी मारलं, मग ‘आता तुम्ही मारत राहा’ म्हणून सांगून गेला. पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीचं बाहेरचं प्लॅस्टर खिडकीच्या वरून मोठमोठ्या तुकड्यांनी पडलं. वरच्या खोलीत बीमखाली सरळ आडवी चीर गेली आहे, भिंत ठोकली की पोकळ वाजते. तळमजल्यात खालून पांढरी भुकटी सुटते. ठेकेदार म्हणतो, ‘भिंत पुराची, वाळू तुमची, पाणी तुम्ही मारलं नाही. आधी माझे तीस हजार द्या.’ दीर म्हणतात, पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू आणि परसात राहिलेले त्याचे बांबू-फळ्या अडवून ठेवू. मी एकटी राहते. काय करावं?
— एक भगिनी, सांगली

उत्तर :

ताई, पहिली विनंती ही की, पडलेले तुकडे फेकू नका आणि दुसरा गवंडी इतक्यात लावू नका. दसऱ्याच्या आत घर नीट दिसावं म्हणून लोक घाईघाईनं चिरा भरून, पुट्टी मारून रंग देऊन घेतात आणि मग वकिलाकडे येतात. तोवर दाखवायला काही उरलेलं नसतं. तुमच्याकडे लेखी करार नाही, त्यामुळे भिंत हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. करार कायद्याच्या (१८७२) कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी काय करता आलं असतं, हेही भरपाई ठरवताना पाहिलं जातं. खिडकीवर लोंबणारं प्लॅस्टर तसंच ठेवलं आणि खालून जाणाऱ्या कुणाच्या डोक्यात पडलं, तर जबाबदारी घरमालक म्हणून तुमच्यावर येईल. म्हणून आधी फोटो काढा, मग तेवढाच सुटलेला भाग पाडून घ्या, वर प्लॅस्टिकचा कागद बांधा आणि त्या खर्चाची पावती ठेवा. बाकी भिंत आहे तशी राहू द्या.

फोटो कसे काढायचे, तेही सांगतो. नाण्यानं भिंत ठोकत जा, पोकळ वाजेल तिथं खडूनं गोल करा. आधी संपूर्ण भिंतीचा फोटो घ्या, मग शेजारी फूटपट्टी धरून प्रत्येक गोलाचा. पडलेल्या तुकड्याची जाडी पट्टीवर मोजून दिसेल असा फोटो घ्या आणि तुकडा उलटा करून पाठीचाही घ्या. ही पाठ फार बोलकी असते. ती गुळगुळीत असेल आणि तिला मातीची धूळ चिकटलेली असेल, तर विटांचे सांधे खरवडले नव्हते, भिंत धुऊन भिजवली नव्हती, असा निष्कर्ष निघतो. पाठीवर पांढरा खार असेल तर ओलीकडे बोट जातं. दोन-तीन तुकडे पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

आता ‘लेखी काही नाही’ या काळजीबद्दल. तोंडी करार हाही करारच आहे. या कामासाठी कागद असलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. काय ठरलं होतं, एवढं सिद्ध करावं लागतं. फोनवरून गेलेले ९०,००० बँकेच्या उताऱ्यात दिसतील. रोखीच्या ४०,००० साठी त्या दिवसांत बँकेतून काढलेली रक्कम, पैसे देताना हजर असलेला माणूस आणि ‘मिळाले’ असा एखादा संदेश शोधा. व्हॉट्सॲपवरची सगळी बोलणी, आवाजी निरोपांसह, जपून ठेवा आणि तो फोन विकू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत, त्या कोणत्या फोनमधून कशा घेतल्या याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वाद मिटला नाही तर ज्या ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळात) जावं लागेल, तो पुराव्याच्या नियमांत तितका काटेकोर नसतो, तरी मी ते जोडायला सांगेन.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द ‘उक्तं’ हा आहे. रोज सकाळी माणसं बोलावून, काय करायचं ते तुम्ही सांगून, संध्याकाळी हजेरीनं पैसे दिले असते, तर ती तुमच्या हाताखालची चाकरी ठरली असती. ‘वैयक्तिक सेवेचा करार’ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या सेवेच्या व्याख्येतून वगळलेला आहे. तुम्ही मात्र ठरावीक रकमेत पुरं काम त्याच्यावर सोपवलं. माणसं किती लावायची, माल कसा कालवायचा, परांची कुठं बांधायची, हे त्यानं ठरवलं. ही मोबदला देऊन घेतलेली सेवा आहे आणि तुम्ही ग्राहक आहात. घरबांधणीचं काम सेवेत मोडतं, हे सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात १९९३ सालीच स्पष्ट केलं होतं. माल तुमचा होता म्हणून त्याचं कौशल्य ही सेवा उरत नाही, असं होत नाही.

आता त्याचे तीन बचाव. ते तिन्ही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आयोगापुढे खरी झुंज याच मुद्द्यांवर होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘भिंत पुराची’ हा बचाव तळमजल्यापुरता त्याच्या बाजूनं जातो. जुनी विटांची भिंत जमिनीतून पाणी ओढते, पाण्याबरोबर क्षार येतात आणि पाणी वाळलं की ते पांढरे होऊन बाहेर फुटतात. कितीही चांगलं प्लॅस्टर केलं तरी ओलीचा बंदोबस्त झाल्याशिवाय हा लोणा थांबत नाही. जुना गिलावा पाडल्यावर उघडी भिंत पाहून जाणत्या मिस्त्रीनं हे सांगायला हवं होतं, असा युक्तिवाद जरूर करता येईल. तरीही तळमजल्याच्या खालच्या पट्ट्याची पूर्ण भरपाई मागू नका, असाच माझा सल्ला आहे. जिथं दोष सरळ त्याचा आहे तिथं ठाम राहायचं असेल, तर जिथं तो संशयास्पद आहे तिथं ताणायचं नाही. वरच्या मजल्याला मात्र पुराचं पाणी लागलेलंच नाही. पश्चिमेच्या भिंतीला आणि बीमखालच्या चिरेला पूर कसा कारण झाला, हे त्याला सांगता येणार नाही. काँक्रीट आणि वीट उन्हानं वेगवेगळी हलतात, म्हणून त्यांच्या सांध्यावर जाळी मारतात आणि काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करतात. सरळ आडवी चीर नेमकी सांध्यावर असेल, तर जाळी होती का, हे तेवढाच भाग उकलून पाहता येतं. ते मात्र इंजिनिअरच्या समोरच करा.

‘वाळू तुमची’ याला उत्तर तुमच्या दुकानाच्या बिलांत आहे. कोणती वाळू, किती ब्रास, सिमेंटची किती पोती, कोणत्या तारखेला, हे काढा. वाळूत माती जास्त होती असं निघालं, तर भरपाई कमी होऊ शकते, हे आधीच मान्य करून चाला. पण वाळू चाळून, पाहून वापरायची की परत पाठवायची, हे ठरवणं मिस्त्रीच्या कौशल्याचा भाग आहे. माल पडला तेव्हा त्यानं तक्रार केली नाही आणि तीच वाळू अख्ख्या घराला वापरली, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. एकाच वाळूनं केलेली पूर्वेची भिंत धड आहे आणि पश्चिमेची पडली, असं असेल तर फारच उत्तम. तिचेही फोटो घ्या.

‘पाणी तुम्ही मारलं नाही’ हा तुमचा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. सांगलीच्या मार्चच्या उन्हात दोन दिवसांचं पाणी पुरत नाही. सिमेंटच्या प्लॅस्टरला किमान सात दिवस ओल राहिली पाहिजे, असा सर्रास दंडक आहे. आत तुम्ही पाणी मारायचं कबूल केलं असेल आणि मारलं नसेल, तर आतल्या केसासारख्या बारीक चिरांचा दोष काही अंशी तुमच्याकडे येईल. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीचं तसं नाही. तिथं परांचीवर चढल्याशिवाय पाणी पोचत नाही, परांची त्याची होती आणि एकट्या राहणाऱ्या बाईनं तिच्यावर चढावं अशी अपेक्षा कुणी धरणार नाही. त्या भिंतीचं पाणी हे त्याचंच काम होतं. शिवाय त्या भिंतीचे तुकडे मोजा. प्लॅस्टरसाठी भारतीय मानक १६६१ (१९७२) आहे. बाहेरून साधारण २० मिलिमीटर जाडी दोन थरांत देण्याची पद्धत आहे. भिंत वाकडी म्हणून ती सरळ करायला एकाच थरात दीड-दीड इंच माल थापला असेल, तर तो स्वतःच्याच वजनानं सुटतो आणि मग पाण्याचा मुद्दा मागं पडतो.

हे सगळं तुमच्या तोंडून न येता सिव्हिल इंजिनिअरच्या अहवालातून आलं पाहिजे. अनुभवी, नोंदणीकृत इंजिनिअर घ्या. विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागातही चौकशी करून पाहा. अहवालात प्रत्येक भिंतीचं कारण वेगळं, खराब झालेलं क्षेत्र चौरस फुटांत आणि दुरुस्तीचा अंदाजी खर्च वेगळा मागा. ‘काम निकृष्ट आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याचा उपयोग नाही. पाहणीची तारीख ठेकेदाराला आधी कळवा. तो आला नाही तरी ‘मला न कळवता केलं’ असं त्याला म्हणता येणार नाही.

तीस हजार सध्या देऊ नका. पण ‘देणारच नाही’ असंही लिहू नका. झालेल्या कामाची मजुरी मागायला तोही तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो आणि तिथं तुमची भूमिका प्रामाणिक दिसली पाहिजे. दुरुस्तीचा जो खर्च येईल, तो या बाकीतून वळता करून घेण्याचा हक्क तुम्ही राखून ठेवत आहात, एवढंच लिहा.

दिरांचे दोन्ही बेत सोडून द्या. काम वाईट झालं म्हणजे फसवणूक झाली, असं होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दाखवावा लागतो आणि इथं माणसानं तीन महिने काम केलं आहे. पोलीस बहुधा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील आणि ते बरोबरच असेल. बांबू-फळ्या अडवल्या तर वादाचा रोख तुमच्याकडेच वळेल. त्या किती आहेत ते मोजून, फोटो काढून, ‘घेऊन जा’ असा संदेश पाठवा आणि नेताना पोच घ्या. त्याच्याकडच्या बिगाऱ्यांपैकी कुणाची हजेरी थकली असेल आणि तो दारी आला, तर त्याच्याशी गोडीनं बोला. त्याचे पैसे ठेकेदारानंच द्यायचे असतात, पण पाणी किती दिवस मारलं आणि जाळी लावली का, हे त्यालाच ठाऊक असतं.

आता नोटीस. ती तुम्ही स्वतः, साध्या मराठीत पाठवू शकता. मजकूर असा ठेवा :

‘आपण माझ्या घराचं प्लॅस्टरचं काम १,६०,००० रुपयांत उक्तं घेतलं. त्यापैकी १,३०,००० आपल्याला पोचले. सोबतच्या फोटोंप्रमाणे वरच्या मजल्याची पश्चिम भिंत आणि बीमखालचा भाग सदोष आहे. अमुक तारखेला इंजिनिअर पाहणीला येणार आहेत, आपण हजर राहावं. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण स्वखर्चानं काम सुधारून द्यावं. समाधानकारक काम झाल्यावर हिशेब करून बाकी देण्यास मी तयार आहे. न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च आणि नुकसानभरपाई आपल्याकडून वसूल करण्यासाठी ग्राहक आयोगात जाईन.’

स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून पोचवल्याचा पुरावा मागून घ्या. तीच नोटीस व्हॉट्सॲपवरही टाका. तो दुरुस्तीला तयार झाला तर येऊ द्या, मात्र या वेळी काय, कधी आणि पाणी कोण मारणार, हे अर्ध्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. अनेक प्रकरणं इथंच मिटतात आणि तुमचंही मिटावं असं मला मनापासून वाटतं.

नाही मिटलं, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळेल. वकील हवाच असेल आणि खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ओळखपत्र आणि साधा अर्ज घेऊन जा. तक्रारीत दुरुस्तीचा खर्च, इंजिनिअरची फी, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असं वेगवेगळं मागा. आयोगाची नोटीस पोचल्यावर ठेकेदाराला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे मुदत नाही. दोघांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे. पडझड पावसाळ्यात दिसली म्हणून तिथून मोजता येईल असं म्हणायला जागा आहे, पण तो वाद ओढवून घेऊ नका. काम संपलं त्या मार्चपासूनच दोन वर्षं धरा. नोटीस पाठवल्यानं किंवा ‘करून देतो, करून देतो’ अशा त्याच्या फोननं ही मुदत थांबत नाही.