पर्स कापून नेलेला फोन ‘गहाळ’ कसा?

प्रश्न : एसटीत चढताना गर्दीत माझ्या मुलीची पर्स कापून मोबाईल नेला. पोलीस ठाण्यातून ‘मोबाईल गहाळ’ असा दाखला मिळाला. शेजारी म्हणतात, सरकारी पोर्टलवर माहिती भरली की फोन सापडतो. खरं आहे का?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी दाखल्याचं बोलू. पर्स कापली म्हणजे फोन चोरीला गेला. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. गहाळचा दाखला झटपट मिळतो आणि लोक तो घेऊन घरी जातात. पण त्यावर गुन्हा दाखल होत नाही, आणि त्या स्थानकावर पाकीटमार फिरतायत हे कागदावर येतच नाही. कापलेली पर्स घेऊन पुन्हा जा, चोरीची फिर्याद द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे.

आता पोर्टल. त्याचं नाव सीईआयआर (CEIR); हरवलेला किंवा चोरीचा फोन ब्लॉक करण्याची, म्हणजे कुठल्याही नेटवर्कवर चालू न देण्याची, ही सरकारी सोय. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून सुरुवात झाली, मे २०२३ पासून ते देशभर आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरूनही तिथे जाता येतं. आधी त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, कारण ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागतात, तेव्हा घाबरू नका. मग फिर्यादीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक, भरा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या. पोलिसांचं काम सगळ्यात जास्त याच आकड्यांवाचून अडतं! खोक्यावर, बहुतेकदा पावतीवरही ते असतात. घरातल्या बाकीच्या फोनवर आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा.

ब्लॉक केल्यावर शोध थांबतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोचते. फोनचे सुटे भाग करून विकले असतील, तर मात्र हाती काही लागत नाही. खोटी आशा मी देणार नाही.

अर्जाचा रिक्वेस्ट आयडी जपा. फोन मिळाल्यावर तो अनब्लॉक करायला हाच लागतो. आणि मुलीला जुना फोन घेऊन देणार असाल, तर पैसे मोजण्याआधी ‘केवायएम’ (KYM), मध्ये जागा सोडून त्याचा आयएमईआय, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळेल.