‘देव माझ्याशीच का बोलत नाही?’ असं विचारणाऱ्या सांगलीच्या ताईंना

ताई, प्रभूमध्ये सलाम. पुण्याच्या नोकरीचं पत्र हातात आहे, एवढी प्रार्थना करूनही आतून काही ऐकू येत नाही, आणि शनिवारच्या प्रार्थना गटात एकीनं मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘देवानं मला दाखवलंय, तू जाऊ नकोस’. तुमचं हे वाचलं आणि माझेच जुने दिवस आठवले. मी मिरजेची, सगळं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं. पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही, ईश्वरविज्ञान शिकलेले नाही; तुमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण वेगळी असेल तर तसं समजून वाचा.

रोजचं वाचन, पापकबुली, उपास हे तुम्ही करताच, त्यावर बोलत नाही.

मला पुढच्या शिक्षणासाठी वेल्लोरला जागा मिळाली होती. एका प्रार्थना गटाच्या प्रमुखांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “परमेश्वर म्हणतो, हे दार मी बंद केलंय.” हे पारखायचं कसं, असं मी विचारलं. उत्तर आलं, विचारणं हाच अविश्वास. वडील घाबरले, नकार कळवला, जागा गेली. त्याचं दुःख पुढे ओसरलं. पण मला स्वतःला काही ऐकू येत नाही म्हटल्यावर तिथंच ठरवून टाकलं गेलं की माझ्यात कुठलं तरी लपलेलं पाप आहे. हे मात्र खोल रुतलं. गुडघे टेकले की आधी भीती यायची. देव गप्प आहे म्हणजे रागावलाय, असंच वाटायचं. देवाची वाट बघत बसलेल्या मुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा अधिकार यांना कुणी दिला? मला आजही याचा राग येतो.

बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १३ वा अध्याय निवांत वाचा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्वतःला आज्ञा मिळाली होती: इथं खायचं-प्यायचं नाही, आल्या वाटेनं परतायचं नाही. बेथेल गावचा म्हातारा संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) म्हणाला, देवदूतानं मला सांगितलंय, चल घरी जेवायला. ते खोटं होतं. तो माणूस गेला आणि परतीच्या वाटेवर सिंहानं त्याला मारलं. आता १ शमुवेल ३ मधला म्हातारा याजक एली बघा. एलीच बोलावतोय असं समजून लहानगा शमुवेल तीनदा धावत आला, तेव्हा कुठे एलीच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे. तरी देव काय म्हणतोय हे त्यानं सांगितलं नाही. जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ म्हण, एवढंच शिकवलं आणि बाजूला झाला. वडीलधाऱ्यांचं काम इतकंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि देव गप्प असणं ही शिक्षा नाही. यिर्मया संदेष्ट्याकडे घाबरलेले लोक तातडीचा प्रश्न घेऊन आले, तेव्हा खुद्द त्यालाही देवाचं वचन यायला दहा दिवस लागले (यिर्मया, अध्याय ४२). तो संदेष्टा होता, तरी थांबला.

मला यातून बाहेर काढलं वाईच्या एका म्हाताऱ्या पाळकीणबाईंनी. त्यांनी एकच स्तोत्र आठवडाभर रोज मोठ्यानं, सावकाश वाचायला लावलं. जिथं मन अडेल तिथं थांबायचं, पुढे जायचं नाही. मग काही न मागता थोडा वेळ बसायचं आणि जे मनात राहिलं ते तारीख घालून वहीत लिहायचं. मला आवाज असा कधीच ऐकू आला नाही. एखादी ओळ मात्र दिवसभर पाठ सोडत नाही, आणि महिन्यांनी वही चाळली की तीच तीच गोष्ट पुन्हा आलेली दिसते. (पहाटे नळाला पाणी यायच्या आधी बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.)

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचंच बघा. आगगाडीत एका प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनानं, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेईपर्यंत ते वाचत, झगडत राहिले. हेच टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुवर्ग उभा करायला आले.

जे सुचेल ते पारखा, १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ तसंच सांगतं. ‘आत्ताच्या आत्ता ठरव’ अशी घाई आणि धाक असेल तर मी तिथं थांबते. ज्याचा तुमच्या जाण्या-राहण्यात काही स्वार्थ नाही अशा एका प्रौढ विश्वासू व्यक्तीला वही दाखवा. आणि कुणी देवाच्या नावानं औषधं बंद करायला सांगितली तर मुळीच ऐकू नका, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये आमच्या मिरजेत दवाखाना उभारला तो याच प्रभूच्या नावानं.

तूर्त पुण्याला फोन करून कळवायची मुदत आठ-दहा दिवस वाढवून मागा, बहुतेक ठिकाणी देतात. शनिवारी विषय निघालाच तर ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, निर्णय मी कळवीन’ एवढंच म्हणा. नोकरी घ्या की नको, ते मी सांगणार नाही.