निळ्या पाण्याच्या बाटल्या

"मॅडम, मी त्या कुत्र्याला एक दिवस काय तर घालीन, अशी भीती वाटालीय मला."

हे म्हणणाऱ्या काकू साठीच्या आतल्या, मुंग्यांनासुद्धा साखर घालणाऱ्या. कोल्हापुरात रमणमळ्याच्या बाजूला जुन्या कॉलनीत त्यांचं बैठं घर. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.) शेजारच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी रॉटवायलर आणला. नाव टायसन. मुलगा सकाळी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत जातो, वडील दुकानात, आईची शाळेतली नोकरी. टायसन पोर्चमध्ये, दीड हात साखळीला. नऊला घर रिकामं झालं की त्याचं जे सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत. रात्री गल्लीत भटकी कुत्री आली की पुन्हा. आणि पहाटे साडेपाचला त्याला मोकळा सोडतात तेव्हा तो बरोबर काकूंच्या फाटकासमोर, सडा घालायच्या जागी बसतो.

काकूंनी फाटकाबाहेर नीळ कालवलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या होत्या. गल्लोगल्ली दिसतात त्या. कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. उलट निळा आणि पिवळा हेच रंग त्याला नीट दिसतात. मला मात्र त्या बाटल्या फार बोलक्या वाटल्या. शेजाऱ्याला जे तोंडानं सांगायचं ते काकू दोन वर्षं बाटलीतून सांगत होत्या, आणि शेजारी कौतुकानं म्हणत होता, "तुमचं बघून आम्ही पण ठेवल्या ओ काकू."

"शेजारी चांगले आहेत, कुत्र्याचा त्रास आहे, बोलायचं कसं?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. मी पहिल्या दोन भेटींत चुकलेच. राग दिसला म्हणून रागावरच उपाय सुरू केला. दीर्घ श्वसन, रात्री झोपण्याआधीचा शिथिलीकरणाचा व्यायाम, विचारांची वही. तिसऱ्या भेटीत काकू म्हणाल्या, "श्वास घेतो ओ मी. पण मी श्वास घेतो म्हणून ते भुंकायचं थांबतंय व्हय?"

बरोबर होतं. मग मी विचारलं, गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर साऊंड सिस्टीम चालते, तेव्हा झोप लागते का? "लागते की. ते संपणार हे माहीत असतंय." या एका वाक्यात त्यांनी बरंच मानसशास्त्र सांगितलं. १९७०च्या आसपास अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कधीही येणारा, अंदाज न करता येणारा कर्कश आवाज ऐकवत कामं दिली होती. काहींना सांगितलं, हे बटण दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी बटण हाताशी असलेल्यांना नंतरच्या कामांत चिकाटी जास्त टिकली. आवाज तोच होता. काकूंकडे बटण नव्हतं.

का नव्हतं, ते त्याच दिवशी कळलं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात काकूंच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. हे कुटुंब सहा दिवस या शेजाऱ्यांच्या माडीवर राहिलं. चहापासून औषधापर्यंत सगळं त्यांनी बघितलं. काकू म्हणाल्या, "ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या दारात कुत्र्याच्या घाणीवरनं भांडायला जाऊ?" काकांचा सूर वेगळा होता, ते पोलिसात जायचं म्हणत होते. कायदा आहे, हे मी त्यांना सांगितलं: पाळीव जनावराबाबत हलगर्जीपणा करून माणसाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्र्याच्या बाजूनंही आहे. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून आणायची टाळाटाळ करणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. काकूंनी कलमं ऐकून घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आणि परत पूर आला तर कुणाच्या माडीवर जाणार?"

चौथ्या भेटीत त्या नातवाला घेऊन आल्या, घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून. सात वर्षांचा. पोटरीवर तीन लालसर रेघा, वर हळद. मी विचारलं तेव्हा काकूंचा आवाज खाली गेला. "परवा पहाटे फाटकात गेला होता. दात न्हाई लागला, नख लागलंय." शेजाऱ्यांना सांगितलं का? नाही. मुलीला? तिलाही नाही.

त्या दिवशी समुपदेशन झालं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, हळद-चुना काही लावायचं नसतं. नखाचा ओरखडा असला तरी लस घ्यायची, आणि रक्त आलं असेल तर तो गंभीर गटात धरतात, लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. घरचं कुत्रं आहे म्हणून वाट बघायची नाही. दोन दिवस उलटले म्हणून आता काय उपयोग, असंही नाही. त्यांना तिथूनच रिक्षानं सीपीआरला, सरकारी दवाखान्यात पाठवलं.

पुढच्या भेटीत काकूंनी स्वतःच विषय काढला. "माझ्या भिडेपायी पोराला काय झालं असतं तर?" मी त्यांना एवढंच विचारलं की पुरात शेजारच्या वहिनींनी, म्हणजे त्या मुलाच्या आईनं, वर बोलावून घेतलं तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या.

"म्हणाल्या, काय लागलं तर सांगा, लाजू नका."

"मग सांगा की."

काकू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

बोलायची तयारी आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीत केली. पहिल्या खेपेला त्यांनी लिहून आणल्या अकरा तक्रारी, त्यातली एक टायसनच्या आधीच्या पॉमेरियनची होती. आम्ही खोडत खोडत तीनवर आलो. रेबीजच्या लसीचं कार्ड बघायला मागायचं. पहाटे पट्टा लावून, पिशवी घेऊन न्यायला सांगायचं. आणि दिवसभराच्या भुंकण्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकवायचं. हे तिसरं मी मुद्दाम घातलं. "आमचा तर भुंकतच नाही" असं म्हणणारे मालक बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. एकटं पडलेलं कुत्रं माणूस गेल्यावर भुंकतं आणि माणूस आल्यावर गप होतं, तेव्हा ऐकणार कुठून? "तुमचं कुत्रं" म्हणायचं नाही, "टायसन" म्हणायचं, हे काकूंनी आपल्या मनानं ठरवलं. मला सुचलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी त्या गेल्या, हातात नातवाचा केसपेपर. वहिनींनी कपाटातून कार्ड शोधून काढलं. रेबीजचा डोस वर्षाला द्यायचा असतो. शेवटचा शिक्का दीड वर्षापूर्वीचा होता. मुलगा मान खाली घालून उभा. मग काकूंनी रेकॉर्डिंग लावलं. पोर्चमधल्या टायसननं स्वतःचाच आवाज ऐकला आणि त्याला उत्तर द्यायला लागला. वहिनींना हसू फुटलं. पाच मिनिटं झाली तरी मोबाईलमधला थांबेना, तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. "दिवसभर असंच?" काकू म्हणाल्या, "नऊपासनं."

नातवाचे पाचही डोस पूर्ण झाले, अठ्ठावीस दिवसांनी शेवटचा. टायसनही ठणठणीत आहे, त्याचंही इंजेक्शन झालं. मुलगा आता पहाटे त्याला पट्ट्यानं न्यू पॅलेसच्या रस्त्याला नेतो. दुपारी दुकानातून वडील तासभर घरी येतात, साखळीही लांब केलीय. भुंकणं निम्म्यावर आलंय म्हणतात काकू, गेलेलं नाही. गेल्या महिन्यात दोनदा फाटकासमोर पुन्हा घाण सापडली. पहिल्या वेळी त्यांनी धुऊन टाकली. दुसऱ्या वेळी कुंपणावरून हाक मारली, "काय रे, पिशवी इसरलास न्हवं?" आणि तो खराटा घेऊन आला.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "बाटल्या काढल्या का?"

"दोन काढल्या. एक ठेवलीय."

"का?"

"मागच्या गल्लीत एकानं नवीन पॉमेरियन आणलंय. त्यांच्याशी अजून वळख न्हाई माझी."