पडद्यावर नावं पडतात तेव्हा: ‘श्रेयनामावली’, ‘टायटल्स’ आणि ‘पाट्या’

एका वाचकाने विचारलं आहे: “चित्रपटांच्या गाजलेल्या ओपनिंग क्रेडिट्सवर मराठीत लेख लिहायचा आहे. त्याला ‘श्रेयनामावली’ म्हणावं की ‘शीर्षकं’? श्रेय म्हणजे यशाचा मान. मग साफ आपटलेल्या चित्रपटातल्या मंडळींना ते कसं लागू होतं? आणि संस्कृतच्या नियमाने हा शब्द ‘श्रेयोनामावली’ असा व्हायला नको का?”

‘श्रेयनामावली’ हा शब्द चांगला आहे, निःशंक वापरा. मात्र तो यादीचा शब्द आहे. तुम्हाला ज्याच्याविषयी लिहायचं आहे ती नुसती यादी नसावी; यादीच्या निमित्ताने रचलेलं एक दृश्य असावं. त्याला बोलताना आपण वेगळंच काही म्हणतो, आणि मला वाटतं लिहितानाही तसंच म्हणावं.

आधी संधीचं पाहू. संस्कृतातला मूळ शब्द ‘श्रेयस्’. त्याच्यापुढे ‘न’ आला की ‘श्रेयो’ होतो, जसं मनस्‌चं ‘मनोनिग्रह’मध्ये होतं. म्हणजे तुमची शंका संस्कृतापुरती रास्त आहे. पण मराठीने ‘श्रेय’ हा अकारान्त नपुंसकलिंगी शब्द म्हणून केव्हाच आपलासा केला आहे. आपण ‘श्रेयाचा वाटा’ म्हणतो, ‘श्रेयसाचा’ म्हणत नाही. निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत ‘श्रेयवादाची लढाई’ सुरू होते, ती ‘श्रेयोवादाची’ करावी असं कुणाच्या मनातही येत नाही. मराठी शब्दाला मराठी समास. ‘श्रेयनामावली’ शुद्धच आहे.

अर्थाचा प्रश्न जास्त रंजक आहे. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगलं, हिताचं. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो, तिथे श्रेय म्हणजे कल्याण आणि प्रेय म्हणजे नुसतं आवडणारं. तो अर्थ आपल्या ‘श्रेयस्कर’मध्ये टिकून आहे. सुट्या ‘श्रेय’चा अर्थ मात्र मराठीत सरकला: चांगलं ते काय, इथपासून चांगल्याचा मान कुणाकडे जातो, इथपर्यंत. म्हणूनच आपटलेल्या चित्रपटाची ‘श्रेयनामावली’ तुम्हाला खटकते.

इंग्रजी ‘क्रेडिट’ इथे अगदी तटस्थ आहे. काम कुणी केलं याची नोंद, एवढंच. या एका शब्दासाठी मराठीला जागोजागी वेगळे शब्द लागले आहेत. बँकेच्या खात्यात तो ‘जमा’ होतो, बाजारात त्याची ‘पत’ होते (पतसंस्था, पतपेढी), विद्यापीठात तो ‘श्रेयांक’ असतो. चित्रपटासाठी ‘श्रेय’ निवडणाऱ्याने जरा मोठ्या मनाचा शब्द निवडला. मला तो आवडतो. चित्रपट चालो न चालो, रात्ररात्र दिवे धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं काम झालेलं असतं आणि त्या कामाचा मान त्याचाच असतो. ‘कर्मचारी सूची’ म्हटलं असतं तर अर्थ नेमका झाला असता, पण मान गेला असता.

‘आवली’ म्हणजे ओळ, रांग. दीपावली, बिरुदावली, प्रश्नावली. मराठी वळणाने तिची ‘आवळ’ किंवा ‘आवळी’ होते: वंशावळ, नामावळी. ‘नामावळी’ म्हटलं की देवाची नावं आठवतात, म्हणून चित्रपटासाठी ‘ली’वालाच शब्द रुळला हे बरं झालं.

आता मुद्दा असा, की कलाकृतीच्या आधी करणाऱ्यांची नावं सांगायची ही रीत आपल्याकडे पडद्यावरच्या अक्षरांतून आलेली नाही. ‘अभिज्ञानशाकुन्तल’च्या प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो, की कालिदासाने ज्याचं कथानक गुंफलं आहे असं या नावाचं नवं नाटक आज आम्ही करणार आहोत. नाटकाचं नाव आणि लेखकाचं नाव एकाच वाक्यात, आणि तेही नाटकाच्याच आत. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातही नांदी आणि सूत्रधार दोन्ही होते, मराठीत. आजही मराठी नाटकाला तिसरी घंटा झाली की अंधारात आवाज येतो: अमुक संस्था सादर करत आहे, लेखक अमुक, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा… या घोषणेत आणि नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ हे पद अजून असतं, पण आता तो संस्थेचा व्यवस्थापन पाहणारा माणूस असतो. रंगमंचावरून नावं सांगणारा स्वतःच सांगितल्या जाणाऱ्या नावांत जाऊन बसला.

नाटकात ही नावं पडदा उघडण्याआधी कानांवर येतात. चित्रपटात ती पडद्यावरच दिसतात. ‘पडदा’ हा शब्द मराठीने दोन्हीकडे वापरला हे फार चांगलं झालं, कारण एक काळ असा होता की दोन्ही पडदे एकमेकांच्या आड येत. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत नावं सरकत असताना पुढचा कापडी पडदा पुष्कळदा मिटलेलाच असे. नावं संपता संपता तो उघडायचा. 1955 साली दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या फिल्मच्या डब्यांबरोबर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना गेली, की नावांच्या आधी पडदा उघडा. त्या चित्रपटाची नावं सॉल बास या ग्राफिक डिझायनरने केली होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या येतात, सरकतात आणि शेवटी त्यांचा एक वेडावाकडा हात होतो. चित्रपट व्यसनात अडकलेल्या माणसाचा आहे, आणि तो हात पाहिला की पहिला संवाद येण्याआधीच ते कळतं. पुढे हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’साठी (1958) त्याने डोळ्यातून उमलणारी फिरती वलयं वापरली आणि ‘सायको’साठी (1960) संगीतकार बर्नार्ड हर्मनच्या तंतुवाद्यांवर नावांचे तुकडे करणाऱ्या करड्या रेघा. याला यादी कोण म्हणेल? इथे ‘श्रेयनामावली’ शब्द अपुरा पडतो.

मग ‘शीर्षकं’? नको. मराठीत शीर्षक म्हणजे लेखाचं, पुस्तकाचं किंवा चित्रपटाचं नाव; छायालेखकाचं नाव ‘शीर्षक’ होऊ शकत नाही. इंग्रजीत ते होतं त्याचं कारण मूकपटांत आहे. बोलपट यायच्या आधी दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या दाखवत आणि पडद्यावरच्या अशा सगळ्याच लिखाणाला ‘टायटल’ म्हणत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा गोष्ट अशाच पाट्यांतून सांगितली होती. त्या वापरातून ‘टायटल्स’ म्हणजे सुरुवातीची नावं हा अर्थ आपल्याकडे आला आणि पक्का बसला. ‘टायटल्स चुकले’, ‘टायटल्सपासून बघायचाय’ असं आपण सहज म्हणतो. हा शब्द आता मराठी आहे. तो काढून त्याच्या जागी ‘शीर्षक अनुक्रम’ ठेवला, तर वाचणाऱ्याला पुस्तकाची अनुक्रमणिका वाटेल.

‘पाट्या’ हा शब्दही मला प्रिय आहे. “थांब, अजून पाट्याच चालल्यात.” किंवा नुसतं “नावं पडतायत”. या ‘पडणे’कडे जरा लक्ष द्या. प्रकाश पडतो, सावली पडते, तशी नावंही पडतात, कारण ती खरोखर प्रकाशानेच पडद्यावर पडलेली असतात. इतकं नेमकं क्रियापद मुद्दाम ठरवून सापडलं नसतं.

आता तुमच्या लेखासाठी काही उदाहरणं, कारण शब्द कुठे बसतो आणि कुठे बसत नाही ते त्यांवरूनच कळतं. ‘शोले’ (1975) घ्या. जेलर गाडीतून उतरतो, रामलाल घोडे घेऊन आलेला असतो आणि दोघं ठाकूरच्या रामगढकडे निघतात. राहुलदेव बर्मनचं संगीत, खडकाळ मुलूख आणि त्यावर नावं. गोष्ट इथेच सुरू झालेली असते; नावं तिच्यावरून वाहत जातात. इथे ‘टायटल्स’ म्हणा. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’त (1964) नावं येतात तेव्हा चारूचे हात रुमालावर एक अक्षर भरत असतात, नवऱ्याच्या, भूपतीच्या नावाचं आद्याक्षर. पडद्यावर अक्षरं उमटत असताना पडद्याच्या आतही एक अक्षर उमटत असतं, आणि त्या घरातला रिकामा वेळ केवढा आहे ते समजतं. मला विचाराल तर भारतीय चित्रपटांत याहून सुंदर टायटल्स मी पाहिलेले नाहीत.

याउलट हृषीकेश मुखर्जींचा ‘बावर्ची’ (1972). नावं पडतच नाहीत. अमिताभ बच्चनच्या आवाजात ती ऐकू येतात. थेट आपली तिसरी घंटा! फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या ‘फॅरेनहाइट 451’मध्येही (1966) नावं बोलूनच दाखवली आहेत, कारण त्या जगात वाचायला बंदी आहे, मग चित्रपट तरी अक्षरं कशी दाखवणार? या दोन्ही ठिकाणी ‘पाट्या’ म्हणता येणार नाही, ‘नावं पडली’ही म्हणता येणार नाही. ‘श्रेयनामावली’ मात्र चपखल बसते, कारण नामावली वाचता येते तशी ऐकताही येते.

शेवटी येणाऱ्या नावांना ‘अखेरची श्रेयनामावली’ म्हणावं. तिथे मुख्यतः यादीच असते, आणि ती आता फार लांबली आहे. पूर्वी सगळी नावं सुरुवातीलाच उरकत. सुरुवातीला नावं न घेण्याचा हट्ट ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकासने धरला आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या (1980) वेळी दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड केला म्हणून तो संघटनेतूनच बाहेर पडला. यादीलाच दृश्य करायची उदाहरणंही आहेत: फराह खानच्या ‘ओम शांती ओम’च्या (2007) शेवटी लाल गालिच्यावरून पडद्यामागची माणसंही चालत येतात. इथे ‘श्रेय’ हा शब्द पुरेपूर अर्थाने लागू होतो.

‘शीर्षकगीता’चा घोळ मात्र टाळा. टायटल्सवर वाजतं ते गीत, आणि ज्यात चित्रपटाचं नाव गुंफलेलं असतं ते गीत, या दोन्हींना आपण शीर्षकगीत म्हणतो. पुष्कळदा ती एकच असतात, पण नेहमी नाही. लेखात पहिल्यासाठी ‘टायटल्सवरचं गाणं’ असं लिहा.

राहता राहिलं लिंग. ‘श्रेयनामावली’ स्त्रीलिंगी आहे याबद्दल शंका नाही. ‘टायटल’ एकटं असलं की बहुतेकांच्या तोंडी नपुंसकलिंगी असतं, अनेकवचनात मात्र ‘टायटल्स सुरू झाली’ आणि ‘सुरू झाले’ दोन्ही ऐकू येतं. मी वर पुल्लिंगी वापरलं आहे, कारण माझ्या कानाला तेच सवयीचं आहे. तुम्ही दुसरं घेतलंत तरी हरकत नाही, फक्त लेखभर एकच ठेवा.